मरँगचा रोल : फळे आणि क्रीम भरलेली मऊ सुरळी

मरँग म्हटले की कोरडे, कुरकुरीत, दाताखाली चुरा होणारे पांढरेशुभ्र गोळे डोळ्यांसमोर येतात. अंड्याचा पांढरा बलक आणि साखर एकत्र फेसून, अगदी मंद आचेवर दोन-दोन तास वाळवले की मरँग तसेच होते. रोलसाठी मात्र हेच मिश्रण चपट्या ट्रेमध्ये एकसारखे पसरून, त्या मानाने चढ्या आचेवर, थोडाच वेळ भाजतात. त्यामुळे वरच्या बाजूला कागदासारखा पातळ पापुद्रा धरतो आणि आतला गाभा मऊ, ओलसर राहतो. थंड झालेल्या या चादरीवर फेटलेले क्रीम आणि आंबट-गोड फळे पसरून तिची सुरळी केली म्हणजे मरँगचा रोल तयार होतो.

हा पदार्थ अवघड आहे असा समज आढळतो, तो मला पटत नाही. चादर वाकली पाहिजे, एवढी एकच अट येथे सांभाळायची असते. ती वाकण्यासाठी तिच्या पोटात पाणी शिल्लक राहावे लागते आणि ते पाणी धरून ठेवण्याचे काम साखर, कॉर्नफ्लोर आणि भाजण्याची नेमकी वेळ मिळून करतात. पुढची प्रत्येक कृती या अटीशी बांधलेली आहे, म्हणून कृतीबरोबर तिचे कारणही देत आहे. कारण ठाऊक असले की आपला ओव्हन, आपली अंडी आणि आपला ट्रे पाहून योग्य तो फरक करता येतो.

साहित्य आणि मापे

साधारण ३३ × २३ सेंटिमीटरचा, दोन-अडीच सेंटिमीटर उंच कडांचा चपटा ट्रे घ्यावा. त्याला चार मोठ्या अंड्यांचा पांढरा बलक, म्हणजे वजनाने सुमारे १४० ग्रॅम, पुरतो. त्यात बारीक दाण्याची पांढरी साखर २५० ग्रॅम, कॉर्नफ्लोर दोन लहान चमचे, पांढरे व्हिनेगर एक लहान चमचा आणि व्हॅनिला अर्क अर्धा लहान चमचा लागतो. वर पेरण्यासाठी बदामाचे पातळ काप ४० ग्रॅम घेतले तर चव आणि रूप दोन्ही खुलतात, पण ते नसले तरी काही अडत नाही. आत भरण्यासाठी ३०० मिलिलिटर थंडगार क्रीम आणि २०० ते २५० ग्रॅम फळे पुरतात. शेवटी भुरभुरण्यासाठी थोडी पिठीसाखर लागते. एवढ्या रोलचे आठ ते दहा काप होतात.

साखरेचा आकडा वाचून ती निम्मी करण्याचा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे. वरच्या मापात साखर बलकाच्या पावणेदोनपटीहून थोडी जास्त आहे आणि ती केवळ गोडीसाठी घातलेली नाही. बलकात सुमारे नव्वद टक्के पाणी असते. साखर त्या पाण्यात विरघळून त्याचा दाट पाक करते, तो पाक फेसाच्या बुडबुड्यांभोवती लपेटून त्यांना फुटू देत नाही आणि भाजतानाही सगळे पाणी उडून जाऊ देत नाही. साखर बरीच कमी केली तर चादर भाकरीसारखी कोरडी होऊन वळताना तुटते. गोडी कमी हवी असेल तर ती सारणात कमी करावी. क्रीममध्ये साखर अजिबात घालू नये आणि फळ आंबट निवडावे, म्हणजे तोंडात तोल आपोआप साधला जातो.

साखर बारीक दाण्याची हवी, कारण मोठे दाणे लवकर विरघळत नाहीत. घरात मोठ्या दाण्याची साखर असेल तर ती मिक्सरमध्ये काही क्षण फिरवावी. तिची अगदी पिठी होऊ देऊ नये, हाताला बारीक रव्यासारखी लागली की थांबावे.

अंडी फोडताना

बलक वेगळे करण्याचे काम अंडी फ्रिजमधून काढल्याबरोबर करावे, कारण थंड अंड्याचा पिवळा बलक घट्ट असतो आणि सहसा फुटत नाही. फेसण्यापूर्वी मात्र पांढरा बलक अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवावा, कारण थंडी गेली की तो अधिक लवकर फुलतो. प्रत्येक अंडे आधी एका छोट्या वाटीवर फोडावे आणि बलक स्वच्छ उतरला याची खात्री झाल्यावरच मोठ्या भांड्यात ओतावा. चौथ्या अंड्याचा पिवळा बलक फुटून आधीच्या तिघांत मिसळला, की सगळेच बाजूला ठेवावे लागते.

पिवळ्या बलकाचा थेंब इतका नडतो, कारण त्यात स्निग्धांश असतो. पांढऱ्या बलकातली प्रथिने फेसताना उलगडतात, हवेच्या बुडबुड्यांभोवती एकमेकांना धरून जाळे विणतात आणि ते जाळे म्हणजेच फेस. स्निग्ध पदार्थ बुडबुड्याच्या पृष्ठभागावरची जागा अडवून ठेवतो आणि जाळे विरळ राहते. म्हणून भांडे स्टीलचे किंवा काचेचे घ्यावे, प्लॅस्टिकला तेलाचा अंश चिकटून राहतो. भांडे आणि बीटरची पाती व्हिनेगरचे दोन थेंब घेतलेल्या कागदाने आधी पुसून घ्यावीत.

फार ताज्या अंड्यांचा बलक घट्ट असतो, तो हळू फुलतो पण फेस टिकाऊ देतो. आठवडाभर जुन्या अंड्यांचा बलक पातळ झालेला असतो, त्यामुळे तो पटकन फुलतो आणि लवकर बसतोही. या रोलला दोन्ही चालतात, कारण भरपूर साखर फेसाला आधार देते.

फेस आणि साखर

आधी तयारी पूर्ण करावी. ओव्हन १६० अंश सेल्सिअसवर तापत ठेवावा, पंख्याचा ओव्हन असेल तर १४० अंश पुरेत. ट्रेच्या तळाला आणि कडांना तेलाचे बोट फिरवून बेकिंग पेपर चिकटवावा आणि तो कडांच्या वर दोन बोटे उभा राहील असा कापावा, कारण मरँग भाजताना फुगून वर येते. कागद न चिकटणारा, बेकिंगचाच असावा. मेण लावलेला कागद मरँगला असा चिकटतो की सोडवताना चादरीचे तुकडे होतात.

मग बलक हँड मिक्सरने मध्यम गतीवर फेसायला घ्यावा. सुरुवातीला साबणाच्या फेसासारखे मोठे बुडबुडे दिसतात, नंतर ते बारीक होत जातात आणि दोन-तीन मिनिटांनी पांढरा, ढगासारखा फेस होतो. पाते उचलल्यावर फेसाचे टोक उभे राहून किंचित कलले की साखर घालण्याची वेळ झाली असे समजावे. ही वेळ महत्त्वाची आहे. याच्या आधी साखर पडली तर फेस फुलायला फार वेळ घेतो आणि कमी फुलतो. याच्या पुढे नुसता बलक फेसत राहिले तर प्रथिने एकमेकांना इतकी आवळतात की फेस कोरडा, दह्यासारखा फाटलेला होतो आणि खाली पाणी सुटते, आणि एकदा असे झाले की तो सुधारत नाही.

साखर एका वेळी एक मोठा चमचा घालावी आणि मिक्सर वेगात ठेवून प्रत्येक चमच्यानंतर दहा-पंधरा सेकंद थांबावे. सगळी साखर जाईपर्यंत पाच-सहा मिनिटे आणि त्यानंतर आणखी तीन-चार मिनिटे लागतात. माझ्या मते संपूर्ण कृतीत धीर धरण्याची जागा हीच आहे. साखर संपत आली की फेसाचे रूप बदलते, तो जड होतो, त्यावर साटिनसारखी चमक येते आणि पाते उचलल्यावर टोक ताठ उभे राहते. तरीही डोळ्यांवर विसंबू नये. चिमूटभर फेस अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळून पाहावा, आणि खरखर लागली तर आणखी फेसावे. न विरघळलेला दाणा ओव्हनमध्ये वितळून पाक होतो, तो चादरीतून थेंबाथेंबाने बाहेर येतो आणि तळ चिकट होतो. मिश्रण हाताला पूर्ण गुळगुळीत लागले म्हणजे अर्धी लढाई जिंकली.

आता कॉर्नफ्लोर चाळणीने वर भुरभुरवून, व्हिनेगर आणि व्हॅनिला घालून, रुंद चमच्याने तळातून वर घेत सात-आठ वेळा हलक्या हाताने मिसळावे. मिक्सर येथे वापरू नये. व्हिनेगरची आम्लता प्रथिनांना जास्त आवळू देत नाही आणि कॉर्नफ्लोर सुटू पाहणारे पाणी शोषून घेते, म्हणून गाभा ओलसर राहतो. रशियन बॅले नर्तकी अॅना पाव्हलोव्हा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाव्हलोव्हा या मरँगच्या गोड पदार्थाचे पोटही याच जोडीमुळे मऊ राहते, आणि आपला रोल म्हणजे एका परीने चपटा भाजून गुंडाळलेला पाव्हलोव्हाच आहे.

पसरणे आणि भाजणे

मिश्रण ट्रेमध्ये ओतून आधी चारही कोपऱ्यांत पोहोचवावे आणि मग लांब पात्याच्या सुरीने वरून सपाट करावे. कोपरे पातळ राहिले तर ते आधी वाळतात आणि वळताना भेग तेथूनच सुरू होते, म्हणून कडेला थर मधल्यापेक्षा किंचित जाड ठेवला तरी चालेल. ट्रे ओट्यावर आपटू नये. बदामाचे काप आत्ताच पेरावेत.

ओव्हनच्या मधल्या खणात साधारण २५ मिनिटे भाजावे. पहिली वीस मिनिटे दार उघडू नये. आधी १८० अंशांवर सात-आठ मिनिटे ठेवून मग १५० अंशांवर आणखी पंधरा-सोळा मिनिटे भाजण्याची रीतही चांगली आहे. त्यात बदाम छान तांबूस होतात, पण ज्याचा ओव्हन आच कमी केल्यावर लवकर उतरत नाही त्याने एकाच आचेची पहिली रीत धरावी.

मिनिटांपेक्षा खुणा अधिक भरवशाच्या आहेत. चादर फुगलेली असावी, रंग पांढरा जाऊन हस्तिदंती किंवा फिकट बिस्किटी झालेला असावा, बोटाने हलकेच स्पर्श केल्यावर वरचा पापुद्रा कोरडा लागावा आणि त्याच्या खाली गादीसारखा मऊपणा जाणवावा. सगळीकडे कडक लागत असेल तर चादर जास्त भाजली गेली. पापुद्रा बोटाला चिकटत असेल तर आणखी तीन मिनिटे द्यावीत. शंका आली तर मी नेहमी थोडे आधी काढण्याच्या बाजूने कौल देते, कारण जरा ओली चादर वळते, वाळलेली चादर मात्र कोणत्याही उपायाने वळत नाही. पृष्ठभागावर सोनेरी पाकाचे बारीक मणी दिसले तर आच किंवा वेळ जास्त झाली असे पुढच्या खेपेसाठी लक्षात ठेवावे.

बाहेर काढल्यावर फुगलेली चादर दोन-चार मिनिटांत खाली बसते आणि वर सुरकुत्या पडतात. हे पाहून धास्ती घेऊ नये. आतली गरम हवा आकसल्यामुळे असे होते आणि ते व्हायलाच हवे.

उलटवणे आणि गार करणे

ट्रेपेक्षा मोठा बेकिंग पेपर ओट्यावर पसरून त्यावर पिठीसाखर भुरभुरावी. चादर ट्रेमध्ये पाच मिनिटे राहू द्यावी, मग कडा सुरीने सोडवून ती त्या कागदावर आत्मविश्वासाने, एका झटक्यात पालथी घालावी. आता कुरकुरीत, बदाम लावलेली बाजू खाली आणि मऊ तळ वर आला. हेच आपल्याला हवे असते, कारण मऊ बाजूवर क्रीम बसते आणि कुरकुरीत बाजू रोलच्या बाहेर येते. वरचा कागद लगेच ओढू नये. पाचेक मिनिटांनी एका कोपऱ्यापासून, चादरीला जवळजवळ समांतर ठेवत, सावकाश सोलावा.

स्पंजचा रोल करणारे लोक केक गरम असतानाच गुंडाळून ठेवतात, म्हणजे त्याला वळण लागते. मरँगला त्याची गरज नसते, ते गार झाल्यावरही लवचीक राहते. उलट चादर पूर्ण थंड होणे आवश्यक आहे, कारण किंचित कोमट चादरीवरही क्रीम वितळते. त्यासाठी पाऊण तास सहज लागतो. हवा दमट असेल तर गार होताच सारण भरून घ्यावे, कारण साखर हवेतला ओलावा ओढून घेते आणि पापुद्रा चिकट होतो. कुरकुरीत मरँग पावसाळी हवेत पार वाया जाते, त्या मानाने हा रोल बराच सोशीक आहे.

क्रीम आणि फळे

व्हिपिंग क्रीम किमान ३० टक्के, आणि शक्यतो ३५ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असलेले, दुधाचे घ्यावे. वनस्पती तेलापासून केलेले गोड क्रीम फेटायला सोपे असते, पण त्यात आधीच साखर असते आणि मरँगवर ते घातले की खाणाऱ्याला दुसरा काप नको होतो. क्रीम, भांडे आणि पाती तिन्ही थंड असावीत. क्रीममधल्या स्निग्धांशाचे थंडीत घट्ट झालेले कण एकमेकांना अडकून हवा धरतात, कोमट क्रीममध्ये ते मऊ पडतात आणि क्रीम फुलत नाही. क्रीम मऊसर टोक येईपर्यंतच फेटावे. पसरताना सुरीच्या घासण्याने ते आणखी घट्ट होते, म्हणून भांड्यात ते जरा सैल वाटले तरच चादरीवर बरोबर बसते.

फळ निवडताना आंबटपणा आणि कोरडेपणा या दोन गोष्टी पाहाव्यात. रासबेरी सगळ्यांत सोयीची, कारण ती आंबट असते आणि कापावी लागत नाही. स्ट्रॉबेरी धुऊन, पूर्ण पुसून, देठ काढून पातळ कापावी, आणि तिच्यावर साखर घालू नये, कारण साखर रस बाहेर ओढते आणि तो क्रीममध्ये उतरतो. पॅशनफ्रूटचा गर आंबट आणि सुवासिक असतो, तो क्रीमवर चमच्याने रेषा ओढल्यासारखा घालावा. आंब्यासारख्या गोड फळाचे लहान तुकडे वापरायचे तर त्यांवर लिंबाचा रस पिळावा. ताजे अननस आणि किवी मात्र रोलच्या आत भरू नयेत. या फळांत प्रथिने तोडणारी विकरे असतात आणि ती दुधाच्या क्रीमला काही वेळातच कडसर करतात. हवीच असतील तर वाढताना बाजूला ठेवावीत.

चार पिवळे बलक उरले आहेतच, त्यांचे लेमन कर्ड करावे, असा माझा आग्रह आहे, कारण या रोलला त्याच्याइतके दुसरे काही शोभत नाही. बलकांत १०० ग्रॅम साखर, ८० मिलिलिटर लिंबाचा रस आणि सालीचा पिवळा कीस घालून, उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात सतत ढवळावे. मिश्रण चमच्याच्या पाठीवर थर धरू लागले, म्हणजे तापमान ७५ ते ७८ अंशांपर्यंत आले, की खाली उतरवून ६० ग्रॅम लोणी मिसळावे. उकळी येऊ दिली तर बलकाच्या गाठी होतात. कर्ड पूर्ण गार करून त्यातले चार-पाच मोठे चमचे क्रीमवर पसरावेत, उरलेले फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते.

सुरळी करणे

चादरीची लांब कड आपल्याकडे घ्यावी. या कडेपासून दोन सेंटिमीटर आत, थराच्या अर्ध्या खोलीपर्यंत सुरीने एक सरळ रेघ ओढावी. पहिले वळण सगळ्यांत घट्ट असते आणि ही रेघ त्याला बिजागरीचे काम देते. क्रीम सर्वत्र सारखे पसरावे, पण समोरच्या कडेला दोन बोटे जागा मोकळी सोडावी, कारण वळताना क्रीम पुढे सरकते. फळे त्यावर एका थरातच घालावीत. जास्त फळे घालून रोल अधिक भरगच्च करण्याचा प्रयत्न मी पूर्वी करत असे, तेव्हा चादरीची दोन्ही टोके भेटतच नसत. आता मापाबाहेर जात नाही.

रेघेपाशी कड आतल्या बाजूला दुमडून बोटांनी घट्ट दाबावी. त्यानंतर चादरीला हात न लावता खालचा कागद उचलत जावे, वळकटी बांधताना सतरंजी पुढे ढकलतो तशी चादर कागदाच्या आधाराने स्वतःच पुढे वळत जाते. जोड खाली आला की थांबावे. वळताना पापुद्र्याला तडे जातात, त्याचा बारीक आवाजही येतो. हे तडे दोष नाहीत, बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ असल्याचीच ती खूण आहे. आरपार भेग पडून क्रीम दिसू लागले तरच चादर जास्त वाळली होती असे समजावे. अशा वेळी कागद भोवती आवळून रोल तासभर फ्रिजमध्ये ठेवला तर तो पुष्कळसा सांधतो, आणि वर पिठीसाखर भुरभुरली की भेग झाकली जाते.

रोल कागदात गुंडाळूनच किमान अर्धा तास, शक्यतो दोन तास फ्रिजमध्ये ठेवावा. कापताना दात्यांची लांब सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, करवतीसारखी चालवावी आणि प्रत्येक कापानंतर पुसावी. काप तीन सेंटिमीटरपेक्षा पातळ करू नयेत, ते उभे राहत नाहीत.

फळे भरलेला रोल त्याच दिवशी खाल्लेला उत्तम. दुसऱ्या दिवशी चव टिकते, पण पापुद्रा विरघळलेला असतो. आधी करून ठेवायचा असेल तर आत फक्त क्रीम आणि लेमन कर्ड भरावे, रोल कागदात आणि वरून फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवावा. तेथे तो महिनाभर चांगला राहतो. साखर भरपूर असल्यामुळे मरँग दगडासारखे गोठत नाही, म्हणून तो बाहेर काढून लगेच कापता येतो, आणि काप ताटलीत मांडून फ्रिजमध्ये काही तास ठेवले की क्रीम पुन्हा मऊ होते. ताजी फळे मग वाढताना वरून घालावीत.